साहेबांपेक्षा एक जास्त

पाण्याच्या मीटरच्या खात्यात त्यांना सगळे एकजास्तराव म्हणत. हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हतं. ते त्यांनी स्वतःच्या हिमतीवर कमावलं होतं, आणि कमावताना घाम गाळला होता तो बिलं दुरुस्त करण्यात नव्हे, तर रोज सकाळी फोनवर येणाऱ्या शब्दकोड्यात.

कोडं तसं साधं. चार अक्षरांचा एक शब्द, ओळखायला सहा प्रयत्न. अक्षर बरोबर जागी पडलं की चौकोन हिरवा, चुकीच्या जागी पडलं की पिवळा, आणि शब्दात ते अक्षरच नसेल तर करडा. सगळ्यांना एका दिवशी एकच शब्द. खात्याच्या साहेबांना हे खूळ दोन वर्षांपूर्वी लागलं, आणि साहेबांना जे लागतं ते खात्यालाही लागतं. सकाळी सव्वादहाला साहेब केबिनमध्ये बसून कोडं सोडवत आणि रंगीत चौकोनांचा निकाल ऑफिसच्या ग्रुपवर टाकत. मग बाकीचे आपापल्या फोनवर सोडवायला बसत. लोक खिडकीवर तुंबलेल्या तक्रारी घेऊन उभे असत, ते उभेच राहत.

साहेबांच्या आधी निकाल टाकायचा नाही आणि साहेबांपेक्षा कमी प्रयत्नांत सोडवायचं नाही, असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो इतका कडक पाळला जाई. साहेबांना तीन प्रयत्न लागले की वरिष्ठ लिपिक, म्हणजे आपले एकजास्तराव, चौथ्यात सोडवत. टायपिस्टबाई पाचव्यात, आणि नोंदणी कारकून सहाव्यात कसाबसा काठावर पोचे. परक्या माणसाने नुसता तो ग्रुप पाहिला असता तरी त्याला खात्यातली सेवाज्येष्ठता पाठ झाली असती.

एका नव्या इंजिनिअरबाईंना हे कोणी सांगितलं नव्हतं. रुजू झाल्याच्या आठवड्यात त्यांनी सकाळी नऊलाच निकाल टाकला, तोही दोन प्रयत्नांचा, वर हसरा चेहरा. महिन्याभरात त्यांची बदली जुन्या मीटरांच्या भांडारात झाली. बसने दोन तास लांब, गंजलेले मीटर, एक रखवालदार आणि बंद पडलेला पंखा. तिथे हुशार माणसाची गरज आहे, असं साहेब म्हणाले होते. त्या दिवसापासून नोंदणी कारकुनाने तर 'पाणी' हा शब्दसुद्धा दोनदा विचार करून लिहायला सुरुवात केली.

आता गंमत अशी, की एकजास्तराव शब्दांच्या बाबतीत खरोखरच पोचलेले होते. पहाटे दूध तापेपर्यंत ते बायकोच्या फोनवर कोडं सोडवून मोकळे होत, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या प्रयत्नात. मग ऑफिसात साहेबांचा आकडा आला की स्वतःच्या फोनवर हिशेबाने चुका करत एक जास्तवर जाऊन थांबत. हे काम सोपं आहे असं कोणाला वाटत असेल तर त्याने करून पाहावं. भलताच शब्द टाकला तर संशय येतो. म्हणून पहिल्या ओळीत एखादा पिवळा, दुसरीत दोन हिरवे, तिसरीत हळहळ वाटेल अशी चूक, असं ते रचून काढत. अधूनमधून टेबलावर हलकेच हात आपटून "अरेरे, हातातून गेला" असंही म्हणत. नाटकात गेले असते तर नाव काढलं असतं.

अवघड शब्दांच्या दिवशी त्यांची खरी कसोटी लागे. तीच तीच अक्षरं पुन्हा येणारे शब्द माणसाला हमखास चकवतात, कारण एक अक्षर सापडलं की तेच दुसऱ्या जागीही असेल हे डोक्यात येत नाही. एकदा 'टाळाटाळ' हा शब्द आला आणि जिथे दिवसभर दुसरं काहीच होत नाही त्या ऑफिसात तो साहेबांना सहाव्या प्रयत्नापर्यंत सुचला नाही. साहेब सहाव्यात सुटले. एकजास्तरावांना सातवा प्रयत्न नव्हताच, तेव्हा त्यांनी निमूटपणे हार पत्करली, आणि सलग एक्क्याण्णव दिवसांचा आपला विक्रम स्वतःच्या हाताने मोडला. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "खेळात कसलं एवढं?" पण त्यांना फार वाईट वाटलं होतं.

हे सगळं ते कशासाठी करत होते, तर घरासाठी. घराच्या खालच्याच खोलीत बायकोचं शिवणकामाचं दुकान होतं. अकरा वर्षं खपून तिने गिऱ्हाईक जोडलं होतं. तिच्या हातच्या पँटची शिलाई उसवत नाही, असं लोक एकमेकांना सांगत. एकजास्तरावांची बदली झाली असती तर एकतर दुकान बंद, नाहीतर दोन ठिकाणी दोन चुली. म्हणून ते साहेबांच्या एक पाऊल मागे राहत आले.

आणि मग भांडाराकडून आणखी एका माणसाची मागणी आली. तीन नावं साहेबांच्या टेबलावर गेली: एकजास्तराव, टायपिस्टबाई आणि नोंदणी कारकून. शुक्रवारी साहेब त्यातल्या एकावर सही करणार होते.

त्याच शुक्रवारी साहेबांच्या सलग विजयांचा शंभरावा दिवस होता. सव्वादहा वाजले, साडेदहा झाले, पावणेअकरा झाले, तरी ग्रुपवर निकाल नाही. सगळं खातं फोनकडे बघत बसलं. टायपिस्टबाई हळूच म्हणाल्या, "आज काहीतरी वाकडाच शब्द आलेला दिसतोय." एकजास्तरावांनी मान खाली घातली. तो शब्द त्यांनी पहाटेच सोडवला होता. 'ऐसपैस'. ऐ ने सुरू होणारा शब्द सहसा कोणी करूनच बघत नाही, आणि त्यात स दोनदा.

तेवढ्यात साहेबांनी केबिनच्या दारातून बोट वाकवलं. "अहो, जरा आत या."

साहेबांच्या फोनवर पाच ओळी भरलेल्या होत्या. 'कसरत' लिहून दुसऱ्या जागेवरचा स हिरवा झाला होता, 'वनवास' लिहून शेवटचा. पुढच्या ओळींत नुसताच राग दिसत होता. एकच प्रयत्न उरला होता. शेजारी बदलीची यादी पालथी ठेवलेली होती.

"तुम्ही माझ्या नेहमी जवळपास असता," साहेब म्हणाले. "एकाचाच काय तो फरक. डोकं चालवा जरा. आज शंभरावा दिवस आहे."

शब्द एकजास्तरावांच्या जिभेवर होता. तोंड उघडायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. साहेबांचा शंभरावा दिवस साजरा झाला असता आणि पालथी यादी बहुधा दुसऱ्या कोणाच्या नावाने सुलटी झाली असती. पण आल्या आल्या फटकन बरोबर शब्द सांगणं हे त्यांच्या अंगातच उरलं नव्हतं. आधी एक चुकीचा, मग थोडं डोकं खाजवणं, मग अचानक सुचल्यासारखं बरोबर, अशी त्यांची घडी बसलेली होती. साहेबांसमोर एकदम हुशार दिसायचं म्हणजे उघड्या अंगाने उभं राहण्यासारखं वाटलं त्यांना. म्हणून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, छताकडे पाहिलं आणि सवयीने म्हणाले, "आसपास... असू शकेल का?"

'नाही, थांबा' हे त्यांचं पुढचं वाक्य होतं. तयार होतं. पण साहेबांना थांबायची सवय नव्हती. "वा," म्हणत त्यांनी चार अक्षरं टाकलीसुद्धा आणि बटण दाबलं.

करडा, हिरवा, करडा, हिरवा. खाली बारीक अक्षरांत उत्तर आलं. विक्रमाच्या जागी शून्य.

"साहेब," एकजास्तराव म्हणाले, "मला माहीत होता हा शब्द. ऐसपैस. पहाटेच माहीत होता."

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते मायेने हसले. "उत्तर दिसल्यावर सगळ्यांनाच माहीत असतं हो," ते म्हणाले. "तुमची चूक नाही. मीच जास्त अपेक्षा केली." मग त्यांनी यादी सुलटी केली आणि एकजास्तरावांच्या नावापुढे लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "स्वभावाने चांगले, बुद्धीने बेताचे. भांडारात चालतील." खाली सही केली, सहीखाली दोन ठिपके दिले आणि पेनाचं टोपण लावलं.

बाहेर येऊन एकजास्तरावांनी बायकोला फोन लावला आणि तिच्या फोनवरच्या सकाळच्या कोड्याचा फोटो मागवला. लगेच आला. तीन ओळी, तिसरी सगळी हिरवी, वेळ सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. याहून मोठा पुरावा काय हवा. ते केबिनच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच थबकले. हा फोटो दाखवला की आपण बेताचे नाही हे सिद्ध होणार, मान्य. पण त्याबरोबर हेही सिद्ध होणार की दोन वर्षं साहेब जिंकत नव्हते, त्यांना जिंकवलं जात होतं. त्यापुढे भांडारसुद्धा जवळ वाटावं अशी एखादी जागा साहेबांनी शोधून काढली असती. क्षणभर, लाज वाटावी असं सांगायचं तर, त्यांना स्वतःचा अभिमानही वाटला. इतकी बेमालूम ढ माणसाची भूमिका खात्यात दुसऱ्या कोणी वठवली नव्हती. मग त्यांनी फोन खिशात टाकला.

ते टेबलावर येऊन बसले, आणि साहेबांचा हरलेला निकाल ग्रुपवर पडताच सहा चुकीचे शब्द लिहून त्यांनी आपलाही टाकला. पाठोपाठ टायपिस्टबाई हरल्या, नोंदणी कारकूनही हरला. साहेबांनी खाली लिहिलं, "आजचा शब्दच अन्यायकारक होता." त्यावर सगळ्यांनी अंगठे उंचावले, एकजास्तरावांनीही.

संध्याकाळी बायको दुकानात एका कोटाला अस्तर लावत होती. त्यांनी स्टुलावर बसून सगळं सांगितलं, काही न लपवता. तिने मशीन थांबवलं.

"म्हणजे शब्द येत होता."

"येत होता."

"आणि आधी चुकीचा सांगितलात."

"सवय झालीय गं."

त्यांना वाटलं, आता ती साहेबाला शिव्या घालेल, मग आपल्याला, मग रडेल, आणि मग कधीतरी मुद्द्यावर येईल. तिने त्यातलं काही केलं नाही.

"दुकान मी सोडणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही जा."

आणि तिने मशीन पुन्हा सुरू केलं.