फादरांचा तिसरा चहा

बाबेलच्या मनोऱ्यापाशी देवानं भाषांचा जो गोंधळ घातला, तो निस्तरायला त्यानं फार उशिरा एक माणूस धाडला, आणि तो नेमका आमच्या माधवनगरात उतरला. मूळचे केरळचे हे फादर माझे शेजारी. मी त्यांचा फुकटचा ड्रायव्हर. मला त्यांच्या अकरा भाषा ठाऊक आहेत. गल्लीचा आकडा बावीस आहे, आणि मी गल्लीशी वाद घालत नाही. कुत्र्याला ते लॅटिनमध्ये झापत, त्यामुळे ते बिचारं इतर कुत्र्यांत कधी मिसळलं नाही. विजापूरच्या कंडक्टरशी ते कन्नडमध्ये असे भांडत, की कंडक्टरच शेवटी त्यांच्या पाया पडे. आटपाडीच्या मेंढपाळांची हाळी त्यांनी इतकी हुबेहूब उचलली, की एका रविवारी अख्खा कळप चर्चमध्ये शिरला आणि दोन मेंढ्या प्रवचन संपेपर्यंत हलल्या नाहीत. "माणसं एवढी टिकत न्हाईत," फादर म्हणाले.

पण भाषा येणाऱ्याला सुट्टी नसते. जो तो आपलं गाऱ्हाणं घेऊन दारात. "अकरा भाषांत ऐकलं गड्या, भांडण एकच हाय," म्हणत ते पायरीवर बसत. हल्ली तिथून उठायला माझा हात लागे.

मग वरून हुकूम आला: केरळातल्या म्हाताऱ्या पाद्र्यांच्या आश्रमात जावं. फादरांना जायचं नव्हतं. पण आज्ञापालनाची शपथ घेतलेल्या माणसाला 'नको' म्हणता येत नाही. एकाही भाषेत नाही.

निघायच्या दिवशी आम्ही आटपाडीला फादरांच्या जुन्या ओळखीच्या सुभद्राआक्कांचा निरोप घ्यायला गेलो. तरुणपणी, नुकतंच शिकलेलं मराठी घेऊन, फादर याच घरातून 'जातो' म्हणून उठले होते. आक्कांनी दार अडवलं होतं. "आवं फादर, जातो म्हनू न्हाई. बसा परत. च्या घ्या, मग येतो म्हना." तेव्हापासून ती चूक त्यांनी कधी केली नाही.

त्या दिवशी चहा संपला. फादर उठले आणि स्वच्छ म्हणाले, "जातो, आक्का."

आक्का दचकल्या. "बसा परत!" पुन्हा चहा आला. फादरांनी तो इतका सावकाश प्यायला, की बाहेर माझ्या गाडीवर कोंबडी चढून बसली. मग ते उठले. "जातो."

आता मात्र आक्कांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. मी मिरजेच्या रेल्वेसाठी घड्याळ पाहिलं आणि ते बाहीखाली सरकवलं.

"म्हना, अजून एकदा म्हना," आक्का चुलीकडं वळत म्हणाल्या. "दूद लय हाय."

फादर परत बसले. बशी पुढं केली.