नळीच्या पोटावरचा नंबर

आधीची दोन बाळं गेली म्हणून तिसऱ्याला आईने उकिरड्यावर लोळवून घेतलं आणि नाव ठेवलं उखर्डू. असल्या नावाच्या पोराकडे मरण ढुंकूनही बघत नाही, अशी समजूत. मरणाने नाही बघितलं, पण माणसांनी सोडलं नाही. आधी फौजेत आणि मग वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात, हजेरी घेताना नवा साहेब हसला नाही असं कधी झालं नाही. तेव्हापासून वरवर बघून कुणी कशाची किंमत केली की उखर्डूनानांचं डोकं फिरतं. आता चौऱ्याहत्तर झाली, तरी ते थंड व्हायचं नाव घेत नाही.

फौजेत ते बंदुका दुरुस्त करायचे. निवृत्तीनंतर महिन्यातून दोनदा धुळ्याला जातात, तोताराम या परवानाधारक दुकानदाराकडे आलेल्या जुन्या बंदुका ओळखायला आणि भाव सांगायला. त्या दिवशी तोतारामने फोन करून तातडीने बोलावलं. दुकानात शिंदखेड्याकडच्या प्रमिलाबाई बसल्या होत्या. नवरा नवल वारला, परवाना त्याच्या नावावर होता, म्हणून त्याची रायफल विकायला दिली होती. शेजारी पुतण्या भूपेंद्र, बारशाला आल्यासारखा खुशीत.

नानांनी टेबलावरची रायफल बघितली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोखंड आरशासारखं लखलखत होतं. लाकूड घासून पांढरं केलेलं, वर वॉर्निश. भूपेंद्रने कौतुकाने सांगितलं की भांड्यांना पॉलिश करणाऱ्याकडून आपणच करून घेतलं, गिऱ्हाइकाच्या नजरेत भरावं म्हणून.

"हाऊ बैल शे का रे?" नाना म्हणाले. "शिंगं साळीसन बजारमा उभा कराले?"

भूपेंद्रला त्यात काय चुकलं ते कळेना. त्यांच्या घरात विकायचा बैल शिंगं तासून, चकचकीत करूनच तर बाजारात नेत आले होते. चूक कुठे झाली ते तोतारामने सांगितलं. मुठीजवळच्या लोखंडावरचा नंबर पॉलिशमध्ये गेला होता, बोल्टच्या दांडीवरचाही गेला होता. परवान्यावर नंबर आहे आणि बंदुकीवर नाही, म्हणजे ही बंदूक नवलचीच कशावरून? पोलिसांना कळवावंच लागणार होतं, म्हणून त्याने फोन हातात घेतला. प्रमिलाबाईंना त्यातलं एवढंच कळलं की गावात आता नवलने चोरीची बंदूक वापरली असं म्हणतील. त्या पदराचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या.

नानांनी चष्मा पुसला. ही मूळची फौजेची थ्री नॉट थ्री, बोल्ट ओढून एकेक गोळी चढवायची. फौजेने मोडीत काढल्यावर कुण्या कारागिराने पुढचं लाकूड अर्धं कापलं, नळी काढून तीनशे पंधरा बोरची बसवली, कारण फौजेचा बोर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, साध्या माणसाला कायद्याने चालत नाही. काम जुनं, पण हात जाणत्याचा. असा कारागीर नवी नळी बसवली की तिच्या पोटालाही बंदुकीचा तोच नंबर ठोकतो, लाकडाखाली, कुणाला दिसणार नाही तिथे. नानांनी दोन स्क्रू सोडवले. रागाच्या भरात तिसरा स्क्रू दोनदा निसटला. पुढचं लाकूड उतरलं आणि काळ्या ग्रीसखाली पाच आकडे निघाले. त्यांनी ते परवान्याशी एकेक करून मोठ्याने जुळवले. पाचही जुळले. तोतारामने फोन बाजूला ठेवला.

प्रमिलाबाईंनी मुठीतला पदर सोडला.

मग भाव निघाला. भूपेंद्रने मोबाईलवर बघितलं होतं, लढाईतल्या रायफली लाखांनी जातात. नाना भडकलेच. लढाईतली म्हणून भाव हवा तर तिच्यात लढाईतलं काही उरायला हवं, ही तर कधीच कापलेली, बदललेली. शेतात रानडुकरं हाकायची रायफल म्हणून घासायच्या आधी पंचेचाळीस हजार आले असते. आता अठराच्या वर एक रुपया नाही. सत्तावीस हजार त्या पॉलिशवाल्याच्या चाकाला चिकटले, जा आणि खरवडून आण, असं त्यांनी भूपेंद्रला सुनावलं. तरी समाधान होईना, म्हणून त्याच्या अकलेचाही भाव सांगितला.

प्रमिलाबाईंचं या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. त्या बटाच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडाच्या, डाव्या अंगावरून बोटं फिरवत होत्या, जिथे लाकूड आता कोऱ्या पाटासारखं झालं होतं.

"चाळीस वरीस त्यास्ना गाल आठे र्‍हाये, नाना," त्या म्हणाल्या. "लाकूड काळं पडी जायेल व्हतं. तो डाग बी कोठे सापडी का?"

नाना नंबर शोधायच्या नादात होते, बटाकडे त्यांनी भावापुरतंच बघितलं होतं. आता त्यांनीही हात लावला. भूपेंद्रवर आणखी ओरडायचं होतं, पण ते ओरडले नाहीत.

"नंबर दोन-तीन ठिकाने ठोकतस, अक्का," ते म्हणाले. "हाऊ डाग एकच ठिकाने व्हता."