गाडीत रेकॉर्ड केलेला आवाज

माझ्या नवऱ्याचा आवाज आज एका जुन्या जपानी व्हिडिओ गेममध्ये आहे. घरात नाही. हे सांगितलं की लोकांना कौतुक वाटतं आणि माझं डोकं फिरतं.

लग्नाआधी तो कंपनीच्या ट्रेनिंगसाठी ओसाकात होता. तेव्हा तिथे गेमवेड्यांसाठी एक सेवा होती. ठरलेल्या वेळी गेम उपग्रहावरून थेट घरच्या टीव्हीला जोडलेल्या डब्यात उतरायचा, आणि खेळ चालू असताना नट मंडळी रेडिओवर बोलावं तशी गोष्ट सांगायची. हॉस्टेलची पोरं जेवण सोडून बसायची म्हणे. गेम काहींच्या कॅसेटमध्ये उरले, आवाज मात्र गेला तो गेलाच. आता काही हौशी लोक ते गेम पुन्हा उभे करतायत. कुणाच्या तरी खरखरत्या टेपवरून त्यांनी संवाद उतरवले, आणि निवेदकाचे संवाद वाचायला हा तयार झाला.

नेमका तेव्हाच घशाचा कॅन्सर निघाला. ऑकलंडच्या सर्जननं सरळ सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल.

इथे न्यूझीलंडात, टौरंगातलं आमचं घर लाकडी, शेजाऱ्याचं गवत कापायचं मशीनसुद्धा आत ऐकू येतं. म्हणून हा ऑफिसातून आला की गॅरेजमध्ये गाडीच्या काचा वर करून मोबाइलसमोर जपानी वाचत बसायचा. घरच्या व्हिडिओंत सगळी माझीच बडबड, हा कायम कॅमेऱ्यामागे गप्प.

मी म्हटलं, "अरे, लेकीसाठी काहीतरी बोलून ठेव. मराठीत. नुसतं नाव घेतलंस तरी चालेल."

"हो गं, ठेवतो. एवढा भाग होऊ दे, लोक थांबलेत."

"आणि आम्ही काय हवा खातोय?"

तो नुसता हसला. लेकीसाठी बोलायचं म्हणजे आवाज जाणार हे कबूल करायचं, आणि ते त्याच्यानं होत नव्हतं. मला कळत होतं, तरी संताप यायचा.

मग हॉस्पिटलचा फोन आला. कुणाचं तरी ऑपरेशन रद्द झालं होतं, उद्याच या. रस्ताभर त्याचा घसा ठणकत होता, लेकीसाठी बोलायचं राहूनच गेलं.

ऑपरेशननंतर काही महिन्यांनी गेम तयार झाला तेव्हा आम्ही तिघं सोफ्यावर बसलो. टीव्हीतून त्याचा आवाज आला, धडधाकट, स्वच्छ. मला रडू आवरेना. एक अक्षर कळत नव्हतं.

लेकीला मराठी समजतं, पण उत्तर ती इंग्रजीत देते. ती म्हणाली, "मी एकदा गाडीच्या काचेवर टकटक केली होती. तेव्हा बाबा मला म्हणाला, थांब गं राणी, आलोच. रेकॉर्डिंग चालू होतं. ते असेल ना यात?"

मी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मोबाइलवर टाइप केलं आणि माझ्या हातात दिला.

'मध्येच आवाज आला म्हणून मीच कापून टाकलं.'

लेकीला मराठी वाचता येत नाही.

"काय लिहिलंय त्यानं?" तिनं विचारलं.