हौसाबाईंचा अंगठा

अंगठा देण्याआधी हौसाबाई नवरा-नवरीकडे बघत नसत. त्यांच्या मागे बघत. मागे होतं काय? चुना दिलेली भिंत, तिच्यावर लसीकरणाचं फाटकं पोस्टर आणि एक रिकामी प्लास्टिकची खुर्ची. त्या डोळे बारीक करून तिकडे बघायच्या, मान हलवायच्या आणि मगच शाईच्या पॅडवर डावा अंगठा टेकवायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंना मोतीबिंदू असावा.

मी ग्रामसेविका. नगर शहरात वाढले, आणि खरं सांगायचं तर देवापेक्षा माझा कागदावर जास्त भरवसा. अकोले तालुक्यातल्या, धरणाच्या पाण्याकाठच्या या डोंगरी गावात बदली झाली तेव्हा मी घरी येऊन रडले होते. विवाहनोंदणीचं काम आमच्याकडेच असतं. देवळात लागो की मांडवात, लग्न लागलं की नवरा-नवरीने पंचायतीत समोर यायचं. अर्ज, पत्रिका, वयाचे दाखले, भटजींची सही आणि तीन साक्षीदार. नियम तीन म्हणतो आणि माणसं नेमकी दोन घेऊन येतात. तिसऱ्याची जीप चुकते, नाहीतर तो मांडवातच कुणाशी तरी भांडून बसलेला असतो. मग जोडपं केविलवाणं तोंड करून माझ्याकडे बघायचं आणि मी पडवीकडे तोंड करून हाक मारायची, "हौसाबाई!"

हौसाबाई पंचायतीच्या शिपाई. साठी उलटली तरी पंचायतीने त्यांना सोडलं नव्हतं आणि त्यांनी पंचायतीला. अंगाने काटकुळ्या, कपाळावर हिरवं गोंदण, आवाज मात्र डोंगरापलीकडे जाईल असा. अक्षरओळख नाही. पण कपाटातल्या नोंदवह्या उघडल्या की पानापानावर तिसऱ्या साक्षीदाराच्या जागी तोच गोल, जाड रेघांचा अंगठा दिसायचा. गावातल्या निम्म्या संसारांवर त्यांची निशाणी होती. शाई पुसायला मी फडकं पुढे केलं की त्या हात मागे घ्यायच्या.

"साक्ष पुसायची नसती, म्याडम. ती आपसूक जाती तवा जाती."

त्यामुळे लग्नसराईत त्यांचा अंगठा महिनाभर काळाच असायचा. त्याच हाताने त्या माझ्या टेबलावर चहा ठेवायच्या, आणि मी नाकाने कांदे सोलणारी, कपाची कड तपासून घ्यायची. आता त्या जाऊन दोन पावसाळे झाले. कपाला शाई लागत नाही, आणि चहाही गोड लागत नाही.

त्यांच्या त्या मागे बघण्याची मला सवय झाली होती, इतकंच. एकदा एका नवरीच्या मागे बघून त्या हसल्या. म्हणाल्या, "आजी आलीया गं तुजी. जिवाला बरं वाटलं तिच्या." नवरी हमसून हमसून रडायला लागली. तिला वाढवलेली आजी महिन्यापूर्वीच गेली होती. मी मनाशी म्हटलं, पंचक्रोशीत कोण कधी मेलं हे या बाईला माहीत नसेल तर कुणाला असेल! दुसऱ्या एका वेळी, भर श्रावणात, दुपारी दोनला धुक्याने दिवे लावावे लागले होते. त्या ऑफिस झाडत होत्या आणि त्या रिकाम्या खुर्चीपाशी थांबून म्हणाल्या, "सरका वाईच." मग खुर्चीखालून केरसुणी फिरवली. त्या दिवशी मी खिडकी उघडी ठेवून बसले.

तो माणूस आला तो वैशाखात, भर दुपारी. त्याचं नाव इथे लिहीत नाही. जिथे लिहायचं तिथे लिहून झालं आहे. धरणाकाठी पर्यटकांसाठी तंबू लावायचा त्याचा धंदा. दिसायला नीटस, बोलायला गोड, दाढी कोरलेली. सोबत आमच्याच गावची अर्चना, सकाळी देवळात लग्न लागलेलं, अंगावरची हळद तशीच. तिचे वडील आणि चुलते साक्षीला. तिसरा साक्षीदार अर्थातच नव्हता. कागद चोख होते. "लग्नापूर्वीची स्थिती" या रकान्यात त्याने वळणदार अक्षरात "अविवाहित" लिहिलं होतं. मी हाक मारली.

हौसाबाई आल्या, नवरा-नवरीच्या मागे बघितलं, आणि पॅडकडे गेलेला हात तसाच राहिला.

"मी अंगठा देनार न्हाई," त्या म्हणाल्या.

"का हो?"

"ह्याच्यामागं बाई उभी हाय. लुगडं वल्लं हाय तिचं. पानी गळतंय."

खोलीतल्या सगळ्यांनी वळून मागे बघितलं. मीही बघितलं. भिंत, पोस्टर, खुर्ची. एकट्या त्याने बघितलं नाही. तो माझ्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसला होता.

मी हौसाबाईंना कपाटाच्या खोलीत घेऊन गेले आणि जरा चिडूनच म्हणाले, "बाई, असं काहीतरी बोलून लोकांची लग्नं मोडतात."

"म्याडम, ह्यो हितं याच्याआदी आलाय. त्याच खुर्चीवर बसला हुता. तवा दाढी नव्हती."

"मग त्याने तुम्हाला ओळखलं कसं नाही?"

"शिपाईनबाईकडं कोन बघतंय?"

कधी आला होता, तर म्हणे शाळेवरचे पत्रे उडाले त्या साली. मी हिशेब केला, बारा वर्षं. आमच्या जुन्या वह्यांना नावांची सूची नाही. नोंद शोधायची म्हणजे पान न् पान उलटावं लागतं. मी वही काढली. वैशाखात आमच्या कपाटातला कागद पापडासारखा कुरकुरीत होतो. मी पानं उलटत गेले, नावं वाचत गेले, आणि एका पानावर माझं बोट थबकलं, कारण पान ओलं होतं. भिजलेलं नव्हे, नुकत्या धुतलेल्या हाताने धरल्यासारखं ओलं. आधीचं कोरडं, नंतरचं कोरडं.

"ह्योच," हौसाबाई म्हणाल्या. वाचता न येणारी बाई.

त्याचं नाव होतं, त्याची तीच वळणदार सही होती. शेजारी मुलीचं नाव, सविता. पाण्यापलीकडच्या गावची, वय एकोणीस. आणि तिसऱ्या साक्षीदाराच्या जागी हौसाबाईंचा अंगठा, पण फरफटलेला, रकान्याबाहेर ओढला गेलेला. सगळ्या वह्यांत तसा एकच.

"पळून आलेली पोर," हौसाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "मी अंगठा टेकला आन् तिनं माझं मनगट धरलं. लई घट्ट. बोलली काय न्हाई, नुसती बघत हुती. मी इचारायला पायजे हुतं, काय गं बाय, काय झालं? पर तवाच्या ग्रामसेवक भाऊसाहेबास्नी गाडी गाठायची हुती. ते म्हनले, आटपा. मी हात सोडवून घेतला." त्यांनी काळा अंगठा पदरात लपवला. "तवापासनं मी बघती, म्याडम. मागं कोन आलंय ते आदी बघती."

मला त्या क्षणी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसावंसं वाटलं. मी बसले नाही, त्याचं आजही वाईट वाटतं. वही उचलली आणि बाहेर गेले.

"यापूर्वी लग्न झालं होतं का?" मी त्याला विचारलं.

"नाही."

मी वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने पान वाचलं, ओठांवरून जीभ फिरवली. "ती सोडून गेली."

"कुठे?"

"काय माहीत."

"घटस्फोट? पोलिसांत तक्रार? काही कागद?"

काहीच नव्हतं. अर्चनाचे वडील मध्ये पडले. मला वाटलं ते त्याच्यावर धावून जातील, पण ते हात जोडून माझ्याच विनवण्या करायला लागले. "बाई, हळद लागलीया पोरीला. देवापुढं माळ पडली. आता माघारी नेली तर गाव काय म्हनंल? करा सही. हुईल तिचं बरं."

मी उत्तर द्यायच्या आत हौसाबाई पुढे आल्या. आवाज नेहमीचा नव्हता, अगदी हलका होता. त्यांनी अर्चनाला विचारलं, "काय गं बाय, तुला काय वाटतंय? तू बोल."

अर्चनाने एकदा बापाकडे बघितलं. मग उठली, त्याच्या शेजारची खुर्ची सोडून हौसाबाईंच्या मागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला भ्या वाटतंय ह्यांचं. आधीपास्नंच." तिच्या बापाने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. त्या नोंदीची नक्कल मी त्याच दिवशी पोलीस ठाण्यात दिली. चौकशी सुरू झाली, अजून चालू आहे. सविता कुठे सापडलेली नाही.

तिची आई आली ती दोन आठवड्यांनी. पोलीस तिच्या गावी जाईपर्यंत लेक रागावून मुंबईला नांदतेय, अशीच तिची समजूत होती. तिला त्या नोंदीचा दाखला हवा होता. मी लिहून, शिक्का मारून दिला. तिने नावावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हेच का तिचं नाव?" मी हो म्हटलं.

हौसाबाईंनी चहा आणला, पण पेला हातातच धरून उभ्या राहिल्या. "साक्षीला मी हुते," त्या म्हणाल्या. "तिनं माझा हात धरला हुता. मी इचारलं न्हाई." आणि त्या रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

मला वाटलं, ही बाई आता शिव्या देईल. तो तिचा हक्कच होता. पण ती हौसाबाईंकडे वळली आणि म्हणाली, "लग्नाला आमी कुनीच नव्हतो. तुमी बघितलंय तिला नवरीच्या साडीत. कशी दिसत हुती?"

हौसाबाईंनी डोळे पुसले. आईच्या खांद्यावरून मागे बघत त्या सांगू लागल्या. हिरवी साडी, दुसऱ्या कुणाची तरी, झंपर ढगळा. केसांत अबोली. जोडवी घट्ट, म्हणून सारखी पाय चोळत होती.

"पाय थोरलेच तिचे," आई म्हणाली. "बापावर गेली."

बाहेर जीपने हॉर्न दिला. आईने दाखला पिशवीत ठेवला, उठली, दारापर्यंत गेली. तिथे थांबली. आमच्याकडे वळली नाही. उंबऱ्यापाशी तिने हात थोडा मागे केला, गर्दीत लेकराला धरायला करतात तसा, आणि म्हणाली, "चल बाय. घरी चल."

मग पडवीतून ड्रायव्हरला ओरडली, "मागं दोन जागा दे रं."

आमच्याकडच्या जीपमध्ये नऊ जणांच्या जागेत चौदा बसतात आणि दोघे मागे लटकतात. त्या दिवशीही बाजाराची गर्दी होती. माणसं चढली, रेटारेटी झाली. एक बाई आईच्या शेजारी टेकायला गेली, अर्धी वाकली, आणि तशीच उठून दाराशी उभी राहिली. जीप घाटाच्या वळणाला लागेपर्यंत मी पडवीत उभी राहून बघत होते. दोघे मागे लटकत होते, आणि आईच्या शेजारच्या जागेवर कुणीही बसलं नाही.