दार आपटलं की ताटात

बत्तीस वर्षं नाटक कंपनीत काढली, चाळीस नाटकं शब्दन् शब्द पाठ, आणि तरीही एकाही प्रेक्षकाने ज्यांचा आवाज कधी ऐकला नाही, असे होते कुजबुजराव. ते प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही, एक डोळा कागदावर आणि एक नटाच्या मानेवर. नट अडखळला की पुढचं वाक्य असं पुटपुटायचं की त्याला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेला कळूही नये. कंपनीने त्यांचं बारसं केलं ते असं. पुढे खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक राहिलं.

धंद्याची ही सवय त्यांच्या गळ्यात उतरली ती उतरलीच. भाजीवाल्याकडे जाऊन ते असं काही पुटपुटत की तोही इकडेतिकडे बघून हळूच बटाटे पिशवीत सरकवायचा, जणू चोरीचाच माल. त्यांची बायको म्हणायची, “अहो, घरात तरी मोठ्याने बोला. इथे कुणी वाक्य विसरलेलं नाही.” हे वाक्य साऱ्या कंपनीच्या तोंडी झालं होतं.

या बायकोला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

त्यांच्या दोन खोल्या नाट्यगृहाच्या पाठीला पाठ लावून होत्या. स्वयंपाकघराच्या भिंतीत एके काळी दार होतं, ते फळ्या ठोकून बुजवलेलं. त्या फळ्यांतून अख्खं नाटक स्वयंपाकघरात ऐकू यायचं. बायको तिथे उभी राहून मध्यंतरासाठी तिखटगोड दाणे करायची. शेंगदाणे, बदाम, काजू, थोडे अक्रोड. वर काचेसारखा साखरेचा पातळ थर, त्यात मीठ आणि लाल तिखट. दात लागला की कुडुम, मग गोड, मग खारट, आणि गिळून झाल्यावर सावकाश, पाहुण्याने निरोप घेऊन दारातून पुन्हा मागे वळावं तसं, तिखट. लोक म्हणायचे, नाटक पडलं तरी चालेल, मध्यंतर होऊ द्या.

मध्यंतराची घंटा झाली की कुजबुजराव मागच्या बोळातून धावत घरी यायचे. ताटातला एक दाणा तोंडात टाकायचे, काहीतरी बोलायचे. मग ती काहीतरी बोलायची. मग ताट उचलून ते पुन्हा पळायचे. ‘दाराचं नाटक’ म्हणून एक नाटक होतं, त्याच्या पहिल्या अंकाच्या शेवटी दार धाडकन आपटायचं म्हणून लोकांनीच ठेवलेलं नाव. त्या एका नाटकाचे नऊशे प्रयोग झाले. म्हणजे निदान नऊशे वेळा ती त्या ताटापाशी काहीतरी बोलली होती.

काय बोलली होती?

तेच कुजबुजरावांना आठवेना. चाळीस नाटकांतली राजा, प्रधान, चोर, सावत्र आई, सगळ्यांची वाक्यं तोंडपाठ, आणि स्वतःच्या बायकोचं ताटापाशीचं रोजचं एक वाक्य नाही! रात्रंदिवस तेच डोक्यात. नटाचं वाक्य विसरलं तर वहीत बघता येतं. हिची वही कुठे शोधायची?

तर वही सापडली. मुलीकडे. आईची पुस्तकं ती आपल्या गावी घेऊन गेली होती, त्यातल्या एकात एक कागद निघाला. चार दिवस तिने तो कागद स्वतःपाशीच ठेवला, आणि पाचव्या दिवशी फोन केला.

“बाबा, एक विचारू? खरं सांगाल?”

“विचार ना.”

“मोठ्याने बोला. तुम्ही कधी आईला सोडून गेला होतात?”

“कुठे?”

“ते मला काय माहीत! आणि बाबा… ही साखर कोण?”

कुजबुजरावांना आधी वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू येत नाही. मग मुलीने कागद वाचून दाखवला.

“दाणे आधीच कोरडे भाजून ठेवायचे. तो घर सोडतो म्हणाला की साखर आणि पाणी. चपला घातल्या की दाणे आत. पत्र संपेपर्यंत हात थांबवायचा नाही. साखर रुसते. पांढरी पडते. पडू दे. ती गप्प आहे तोवर ढवळत राहायचं. रडायला लागली की तिखट, मीठ. दार आपटलं की ताटात.”

कुजबुजराव हसले. हसता हसता त्यांना खुर्ची शोधावी लागली. “अगं वेडे,” ते म्हणाले, “साखर म्हणजे साखर! डब्यातली! हे दाराचं नाटक आहे. तुझी आई भिंतीतून नाटक ऐकून दाणे करायची.”

“मग घड्याळ का नाही बघायची?”

“घड्याळाला साखरेतलं काय कळतंय, म्हणायची.”

हेही वाक्य आठवलं. म्हणजे वाक्यं कुठेतरी होती, पुढचं कुणीतरी सांगायला हवं होतं. कुजबुजरावांच्या मनाने घेतलं: तिच्या हुकमाप्रमाणे दाणे करायचे. त्याच जागी, त्याच कढईत. दाणे ताटात पडले आणि एक तोंडात गेला की पुढचं वाक्य आपोआप येईल. नटाचं तसंच होतं की. घरी बसून आठवत नाही, पण त्या दिव्यात, त्या जागी उभं केलं की पाय आणि जीभ आपली आपण चालतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कढई चढवली आणि सवयीच्या पुटपुटीत नाटक सुरू केलं. नवऱ्याने घर सोडलं, साखर-पाणी पडलं. चपला घातल्या, दाणे पडले. बुडबुडे आले. नाटकातली बायको त्याचं पत्र वाचू लागली. पाक आटला, चिकट झाला, उलथन्याला तार येऊ लागली. आणि पत्र संपतंय तोच सगळी साखर एका क्षणात कोरडी ठणठणीत. पांढरी भुकटी. दाणे वाळूत लोळून आल्यासारखे दिसू लागले.

आता रुसली आहे, रुसू दे, असं कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं. पण बत्तीस वर्षांचा प्रॉम्प्टर तो! समोरचा अडला की मदतीला धावायचं, हेच रक्तात. त्यांनी घाईघाईने चमचाभर पाणी घातलं. झालं! दाण्यांनी एकमेकांना जी मिठी मारली ती सोडवायला बत्ता घ्यावा लागला.

दुसऱ्या खेपेला त्यांनी पाण्याचं भांडं मुद्दाम बाहेरच्या खोलीत ठेवलं. तरीही नाटक भराभर संपलं, दार आपटलं, ताटात पडले ते पांढरे आणि खरबरीत दाणे. एक खाल्ला. तोंडात साखर करकरली. वाक्य काही आलं नाही.

चूक त्यांच्या लक्षात आली ती भांडी घासताना. शब्द सगळे बरोबर होते. कागदावर ‘ती गप्प’ एवढंच होतं. पण किती गप्प? ते वहीत कधीच नव्हतं. पत्र वाचून झाल्यावर नाटकातल्या बायकोचं काम करणाऱ्या बाई थांबायच्या. विसरल्या की मुद्दाम थांबल्या, हे कुजबुजराव त्यांच्या मानेवरून ओळखायचे. मान ताठ, तर वही मिटून बसायचं. मान किंचित उजवीकडे वळली, तर वाक्य पाठवायचं. एकदा, एकदाच, त्यांनी मान वाचण्यात चूक केली होती आणि मधेच वाक्य पाठवलं होतं. त्या दिवशी मध्यंतरात ताटातले दाणे पांढरे होते आणि बायकोने विचारलं होतं, “आज कुणाला गाडी गाठायची होती?”

म्हणजे मान हवी. कुजबुजराव टोपी घालून निघाले.

बाई दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. ऐंशी उलटलेली, गुडघ्याने दगा दिलेला, कानही अर्धे. पण दार उघडलं ते राणी दरबारात येते तसं.

“कुजबुजराव! अजून आहात?”

“आहे,” ते पुटपुटले.

“काय?”

“आहे म्हटलं!”

“अगंबाई, आवाज आहे की तुम्हाला! इतकी वर्षं कुठे दडवला होता?”

त्यांनी सगळी हकिकत सांगितली, ओरडून ओरडून. बाईंनी शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाल्या, “म्हणजे माझ्या रडण्यावर तुमच्या बायकोने मसाला लावला.”

“बाई, अपमान म्हणून नाही…”

“अहो, अपमान कसला! समोर बसलेले खोकायचे, पेंगायचे, खुर्च्या वाजवायचे. आणि भिंतीपलीकडे एक बाई माझं गप्प राहणं मोजत होती. हे मला आज कळतंय? चला. काठी द्या ती.”

स्वयंपाकघरात बाईंना खिडकीजवळ खुर्ची दिली. त्यांनी ती नाकारली. “हा प्रवेश उभ्याने आहे.” पदर सारखा केला, पत्र म्हणून विजेचं बिल हातात घेतलं आणि बुजवलेल्या दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पलीकडे आता सोफ्यांचं गोदाम होतं. तरी बाई उभ्या राहिल्यावर फळ्यांमागे माणसं बसली आहेत असं वाटू लागलं.

“नवरा कोण करणार?” त्यांनी विचारलं.

“मीच. दुसरं कोण आहे?”

“मग मोठ्याने. पुटपुटलात तर मी जागची हलणार नाही.”

कुजबुजरावांनी गॅस लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण आवाजात नाटकातलं वाक्य म्हटलं. “मी जातो. या घरात आता मला थांबता येणार नाही.” आवाज भिंतींवर आपटून परत आला. म्हणताना त्यांची नजर फडताळाजवळच्या कोपऱ्यात गेली, जिथे ती उभी असायची. साखर आणि पाणी टाकायला त्यांना अंमळ उशीर झाला.

चपला झाल्या, दाणे पडले. बाई पत्र वाचू लागल्या. आवाज कातरलेला, पण प्रत्येक शब्द आपापल्या जागी. विजेच्या बिलावरून त्यांनी असा काही विरह वाचला की कुजबुजरावांचा हात दोनदा थांबला आणि दोनदा त्यांनी तो पुन्हा चालू केला. पत्र संपलं. बाई गप्प झाल्या.

साखर पांढरी पडली.

कुजबुजरावांचे ओठ हलले. पुढचं वाक्य जिभेच्या टोकावर होतं. बाईंनी मागे न बघताच एक बोट वर केलं. मान ताठ होती. ते ढवळत राहिले. उलथन्याचा खरखर आवाज, बाहेर कुणाच्या सायकलची घंटा, आणि बाईंची ती पाठ. इतका वेळ कुणी गप्प राहू शकतं? नऊशे वेळा ते त्या विंगेत बसले होते. पण तेव्हा ते मान बघत होते, थांबणं नाही. मग कढईच्या बुडाशी कुठेतरी ओलसर चमक आली. एका दाण्याला, मग शेजारच्याला. पांढरी भुकटी पुन्हा विरघळू लागली, सोनेरी झाली, मग मधासारखी. साखरेचा रुसवा गेला.

बाईंनी पहिला हुंदका दिला. कुजबुजरावांनी तिखट आणि मीठ टाकलं. वाफ उठली आणि बाईंना असा ठसका लागला की नाकाडोळ्यांतून खरं पाणी वाहू लागलं.

“नऊशे… प्रयोगांत…” त्या खोकत म्हणाल्या, “असं खरं… कधी रडले नाही! दार कोण आपटणार?”

“माझे हात गुंतलेत!”

बाईंनीच काठीने स्वयंपाकघराचं दार धाडकन लोटलं. बाहेरून शेजारीण ओरडली, “काय पडलं हो?” आणि दाणे ताटात पडले, खळखळ, चकचकीत, एकमेकांपासून सुटे.

जरा निवल्यावर कुजबुजरावांनी एक उचलला. कुडुम. गोड. मग खारट. डोळे मिटून ते वाट बघत राहिले, आणि तोंडातून शब्द आले ते त्यांनाही न विचारता.

“तिखट कमी पडलं.”

दाणा चघळत बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “माझे तर कान पेटल्यासारखे झालेत.”

“नाही, बाई. हे माझं वाक्य! मी हे म्हणायचो. ताटापाशी, रोज. आता तिचं येईल.” ते उभेच राहिले. बाईही काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या. त्यांना या खेळाची रीत माहीत होती, मधे बोलायचं नसतं. बराच वेळ गेला. ताटातल्या दाण्यांवरची वाफ संपली. वाक्य आलं नाही.

शेवटी त्यांनी मुलीला फोन लावला.

“झाले दाणे. तुझ्या आईसारखे झाले. तिखट तेवढं कमी पडलं.”

पलीकडे मुलगी खळखळून हसली. “बाबा! झालं तुमचं सुरू! रोज तेच म्हणायचात. मी तिथे कोपऱ्यात अभ्यासाला बसलेली असायचे ना.”

“तू होतीस,” कुजबुजराव म्हणाले. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. “मग सांग बाळा. मी असं म्हटल्यावर ती काय म्हणायची?”

“आई? काही नाही.”

“आठव जरा.”

“आठवतंय ना, म्हणून तर सांगतेय. काही नाही म्हणायची ती. नुसती तुमच्याकडे बघायची. तुम्ही ताट उचलून बाहेर पडेपर्यंत बघत राहायची.”

कुजबुजराव समोरच्या ताटाकडे बघत होते. तेव्हाही ताटाकडेच बघत असणार. घाई असायची, दुसरी घंटा व्हायची असायची, दाणे सांडू नयेत म्हणून नजर त्यांच्यावरच.

“मला वाटलं, बोलायची काहीतरी,” ते म्हणाले.

“नाही हो बाबा.”

“कशी बघायची?”

बाईंनी हळूच मागे होऊन खुर्ची घेतली.

“ते फोनवर कसं सांगू?” मुलगी म्हणाली. “मी आले की करून दाखवते.”

“कधी येतेस?” कुजबुजरावांनी विचारलं.