सोमवारच्या रातीचं पाणी

मला भांडखोर म्हना, पण माझ्या पुतणीबद्दल मी गप बसणार न्हाई. सपना शहरातल्या कंपनीत प्रोग्राम लिहायची. आमच्या साखरा गावच्या नळाची मोटर त्याच कंपनीच्या प्रोग्रामवर चालते, अन् मी पुंजाजी, गावाला पाणी सोडणारा.

इथं लाईटची येळ दर आठवड्याला बदलते. पहिले बदल झाला की कंपनीला कळवा, मग ते शहरात प्रोग्राम नव्यानं बनवणार अन् आठ दिवसांनी धाडणार. तवर टाकी कोरडी. सपनानं तोड काढली. प्रोग्रामच्या पोटातच कंपायलर बसवला. म्हंजे मी फाईलीत साध्या मराठीत लिहायचं, ‘सोमवारची रात, दोन वाजता मोटर चालू’, अन् चालता प्रोग्राम सोताच कंपायलरला बोलावून ती ओळ मशीनच्या भाषेत करून घ्यायचा. चुकलं तर कितव्या ओळीत चुकलं ते सांगायचा अन् जुनेच नियम चालू ठेवायचा. आमचा दिवस उजाडल्यावर बदलतो, मशीनचा रातच्या बारालाच. गावची पोरगी ती, तिनं कंपायलरला हे बी शिकवलं होतं.

वर्षभर टाकी एक दिवसबी रिती राहिली न्हाई. मग नवा सायब आला. खेड्यातल्या माणसाच्या हाती प्रोग्राम काहून देता, म्हनला. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! कंपायलर काढूनच टाकला. सपना लई भांडली, पण कोन ऐकतंय.

लाईटची येळ बदलली. मी सायबाला फोनवर सांगितलं, सोमवारच्या राती दोनला. त्यानं मशीनमंदी सोमवार घातला. मशीनचा सोमवार एक रात आधीच आला. तवा लाईटच न्हाई, मोटर चालंल कशी? तीन दिवस बाया शेतातल्या विहिरीवरून हंडे वाहून राहिल्या. अन् सायबानं कागद धाडला, चूक पुंजाजीची हाय, याला कामावरून काढा. चोर तो चोर, वर शिरजोर!

ग्रामपंचायतीत बैठक बसली. सायबासंगं सपना बी आली. मला वाटलं, लेकराच्या नोकरीचा सवाल हाय, गप बसंल. ती उठली.

“काका बराबर बोलले. चूक आमची हाय.”

सगळ्यांदेखत तिनं कंपायलर परत बसवला अन् मी फोनवर सांगितलेलीच ओळ घातली. पडद्यावर आलं: मंगळवार, पहाटे दोन. सायब फोन घेऊन बाहेर गेला.

टाकी भरली. माझं काम राहिलं, तिचं त्याच सांजेला सुटलं. सरपंच मला म्हनले, पोरीनं जरा सबुरीनं घ्यायला पायजे होतं. त्यायच्या दारातले हंडे तवा काठोकाठ भरलेले होते.