स्क्रीनला घातलेली नीळ

आमच्या घरात कम्प्युटरमधलं फक्त मला कळतं, आणि त्याचा त्रास घरातल्या प्रत्येकाला झालेला आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचं, सुजाताचं, लग्न ठरलं. आम्ही बौद्ध; आमच्याकडं लग्नात नवरी पांढरी साडी नेसते. बाकीच्या घरांत अबोली की डाळिंबी, मोरपंखी की चिंतामणी यावरून जावाजावांत अबोला होतो. आमच्याकडं एकच रंग! त्यात चुकणार काय? (मी होतो ना!)

सुजाताला पांढऱ्यावर बारीक निळे काठ हवे होते, आईच्या लग्नातल्या साडीसारखे. पोरीनं आयुष्यात एवढा एकच हट्ट धरला होता. आमच्या गारखेड्यातली सगळी दुकानं पालथी घातली, तशी साडी मिळेना. शेवटी ती एका वेबसाइटवर सापडली आणि एका संध्याकाळी आम्ही सगळे माझ्या कम्प्युटरपुढं बसलो. लग्नासाठी वैजापूरहून आलेली आत्या सगळ्यांत पुढं.

"ही पांढरी व्हय?" आत्या म्हणाली. "ही तर चहात पडल्यावानी दिसती."

खरंच साडी पिवळट दिसत होती. दुसरी पाहिली, तीही पिवळट. साबणाच्या जाहिरातीतला शर्टसुद्धा पिवळट!

"स्क्रीनचं कॅलिब्रेशन गेलंय," मी डॉक्टरी आवाजात सांगितलं. "म्हणजे स्क्रीनवरचा रंग खऱ्या रंगाशी जुळवून घ्यावा लागेल."

"मग आणा की खरे रंग!" म्हणत आत्या स्वयंपाकघरात गेली.

ती हळदीचा डबा घेऊन आली. आईनं टोमॅटो आणला आणि ट्रंकेतून स्वतःच्या लग्नातली साडी काढली. मी स्क्रीनवर टोमॅटोचा फोटो लावला, शेजारी खरा टोमॅटो धरला आणि मॉनिटरची बटणं दाबत सुटलो. लाल जुळता जुळेना. दहा मिनिटांनी आई म्हणाली, "आरं, तो जरा कच्चाच हाय."

हळदीची तऱ्हा आणखी वेगळी. फोटोतली हळद फिकी दिसते म्हणून आत्यानं बोटभर खरी हळद थेट स्क्रीनला फासली आणि म्हणाली, "घे, झाली का नाय सेम?"

स्क्रीन पुसून मी शेवटी आईची साडी समोर धरली आणि मॉनिटरमधला निळा रंग वाढवत नेला. वाढवता वाढवता स्क्रीनवरचा पांढरा अगदी साडीसारखा पांढरा झाला.

"आत्ता कसं!" आत्या खूश झाली. "कापडाला नीळ घालत्यात, तशी यानं टीव्हीला घातली." (आत्याच्या लेखी पडदा असलेली प्रत्येक वस्तू टीव्ही असते.)

मीही खूश होतो. ऑर्डर निवांत सकाळी करू म्हटलं.

सकाळी सुजाता आणि मी पुन्हा बसलो. आदल्या दिवशी पसंत केलेली साडी उघडली आणि सुजाता किंचाळली, "दादा, हिला तर नीळ जास्त झालीय!"

"काल नीट बघितली नसेल आपण. ही बघ, शेजारची. कशी शुभ्र आहे!"

"पण हिच्याखाली 'लेमन' लिहिलंय ना."

"नावावर काय जातेस? आपल्या गल्लीतल्या शांताबाई शांत आहेत का?"

सुजाताला ते पटलं. शांताबाईंचं उदाहरण कुणालाही पटतं. मी ऑर्डर दिली.

लग्नाला दोन दिवस राहिले असताना साडी आली. घडी उलगडली. काठ निळे होते, बारीक होते, सुंदर होते. आणि साडी? पिवळी! फोडीतून रस गळेल अशी लिंबाची पिवळी!

सुजाता मटकन खाली बसली. तिचे डोळे भरून आले. मी आधारासाठी कम्प्युटर चालू केला. "हे बघ, इथं पांढरीच दिसते. कंपनीनं फसवलं आपल्याला!"

सुजातानं नाक पुसत माउस हातात घेतला, इकडं तिकडं क्लिक केलं आणि अचानक हसायलाच लागली. "दादा, तू नाइट लाइट लावून ठेवलाय! डोळ्यांना त्रास नको म्हणून तो संध्याकाळी स्क्रीन पिवळी करतो आणि सकाळी आपोआप बंद होतो. त्या पिवळ्यावर उतारा म्हणून तू निळा वाढवलास. सकाळी पिवळा गेला, तुझी नीळ तेवढी राहिली. मग लिंबूसुद्धा पांढरं दिसणारच की!"

"म्हंजे टीव्ही चांगला व्हता," आत्या म्हणाली. "हाच बिघडला."

त्याच दुपारी आई सुजाताला शहरातल्या गुलमंडीच्या बाजारात घेऊन गेली आणि दोघी तासाभरात पांढरी, निळ्या काठाची साडी घेऊन आल्या. पिवळीचं काय करायचं? "हळदीला नेसंल की!" आई म्हणाली. हळदीच्या दिवशी सुजाता त्या साडीत इतकी गोड दिसली, की तिच्या सासूबाईंनी फोटो पाहून दुकानाचं नाव विचारलं. माझा जीव भांड्यात पडला.

लग्नाच्या दिवशी पहाटेच मी जुन्या टी-शर्टवर हॉलची व्यवस्था बघायला गेलो. माझा पांढरा कुर्ता पाकीट न फोडताच बरोबर घेतला होता. वंदनेला उभं राहायची वेळ झाली तेव्हा पाकीट फोडलं. घाईत एक गोष्ट डोक्यातून गेली होती, की हा कुर्ता मी साडी मागवली त्याच सकाळी, त्याच स्क्रीनवर बघून मागवला होता!

सगळं घर शुभ्र पांढरं आणि मधे मी, सोललेल्या केळ्यांत राहिलेलं एक साल! नव्या दाजींनी कानात विचारलं, "दादा, हळद मला लागली होती का तुम्हाला?"

फोटोग्राफर कॅमेऱ्याशी झगडत होता. मी फ्रेममध्ये आलो की तो थांबे, काहीतरी फिरवी, पुन्हा बघे. शेवटी हात जोडून म्हणाला, "दादा, तुम्ही जरा बाजूला व्हता का? तुमच्यामुळं बाकीचे पांढरे दिसंना गेलेत."

त्यामुळं माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये सगळे रंग अगदी अचूक आहेत. फक्त मी नाही!